आत्याबाईंच्या तोंडाला कुलूप

आमच्या आत्याबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. आम्ही जुनं घर सोडणार हे घरमालकाला त्यांच्याकडूनच कळलं, आणि नवऱ्याला बढती मिळणार हे साहेबांनी सांगायच्या आधी आख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. त्याला लहानाचा मोठा त्यांनीच केला, म्हणून त्या आमच्याकडेच असतात. मला त्या सूनबाई म्हणतात, पण कौतुकाचा शब्द म्हणाल तर इतक्या वर्षांत एक नाही. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. मी चहाचा कप ठेवला तरी गिअर टाकल्यासारखा आवाज येतो, असं आत्याबाईंचं म्हणणं.

त्यांना काचबिंदू झाला तेव्हा माझ्या हातांची खरी कसोटी लागली. या दुखण्यात डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर हळूहळू जाते. रोज न चुकता थेंब घालायचे. मी बाटली घेऊन वाकले की त्या डोळे गच्च मिटायच्या. थेंब गालावर, मानेवर, एकदा तर कानात.

"अगं, डोळा इकडे आहे!" त्या ओरडायच्या.

"मग उघडा ना तो!" मी त्यांच्या वरताण.

नवरा दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करतो. आमचा हा रोजचा तमाशा बघून त्याने एका जुन्या चष्म्याच्या काचा काढल्या आणि बाटली तिरपी बसेल अशी खाच केली. तरी पापणी ऐकेना, बाटली दिसली की मिटायचीच. मग त्याने बाटली कडेला सरकवली आणि वरच्या कोपऱ्यात एक इवलासा लाल दिवा बसवला. डोळा दिव्याकडे बघत राहतो, पापणी गाफील राहते आणि थेंब बरोबर आत पडतो. पडला की दिवा विझतो. आत्याबाई स्वतःच्या हाताने थेंब घालायला लागल्या आणि घरात शांतता नांदायला लागली.

"जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली," नवरा एकदा म्हणाला, "एक तरी माझ्या नावाचं असावं गं." तो कधी काही मागत नाही. त्यामुळे आम्ही पेटंटचं काम करणाऱ्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा उलटापालटा करून पाहिला, खूश झाल्या आणि मग बोट उगारलं.

"अर्ज दाखल होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. चारचौघांत एकदा सांगून टाकलंत की ती नवी राहिली नाही, संपलं. घरात कुणाला माहीत आहे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"आत्याला," नवरा म्हणाला. घराला आग लागल्याचं सांगताना माणूस ज्या आवाजात सांगेल, त्या आवाजात.

घरी येऊन आम्ही आत्याबाईंना समोर बसवलं आणि सगळं समजावलं. "एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "हाताची घडी, तोंडावर बोट." आणि उठून तडक खिडकीकडे निघाल्या. आम्ही दोघंही मागे धावलो. त्यांनी खिडकी लावून घेतली. "भिंतीलाही कान असतात रे सोन्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

अर्जासाठीची चित्रं पूर्ण व्हायची होती. अर्ज बुधवारी जाणार होता आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत्याबाईंना बोलावलं होतं नेमकं मंगळवारी. ती वेळ चुकली असती तर पुढची कधी मिळेल याचा नेम नव्हता. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू बरोबर जा," तो म्हणाला.

"जाऊन काय करू? तोंडात बोळा कोंबू?"

"ब्रेक मार."

दवाखान्यात बाकावर तीळभर जागा नव्हती. आत्याबाईंच्या शेजारी एक थकलेल्या शिंपीणबाई बसल्या होत्या. त्यांचे हात कापत होते. "आयुष्यभर सुईत दोरा ओवला," त्या सांगत होत्या, "आणि आता एक थेंब डोळ्यात जात नाही हो. सगळं औषध गालावर. डॉक्टर मलाच रागावतात, म्हणतात तुम्ही औषध घालतच नाही."

आत्याबाईंचं तोंड उघडलं. माझा पाय आपसूक जमिनीवर दाबला गेला. तेवढ्यात त्यांनी मांडीवरच्या पिशवीत हात घातला आणि मला आत तो चष्म्याचा डबा दिसला.

"आत्या!" मी दबक्या आवाजात म्हणाले. "हा कशाला आणलात?"

"सवयीने आला. मी काही बोलले का?"

नव्हत्या बोलल्या. पण शिंपीणबाईंचे डोळे भरून आले होते आणि आत्याबाईंचा हात पिशवीतच अडकून पडला होता. त्यांचा जीव किती तळमळत होता ते मला दिसत होतं, आणि खरं सांगते, माझाही तळमळत होता. शेवटी हात बाहेर आला तो रुमाल घेऊन. तो त्यांनी शिंपीणबाईंना दिला. "राहता कुठे तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं.

आत डॉक्टरांभोवती शिकाऊ पोरापोरींचा घोळका होता. दार सताड उघडं. डॉक्टरांनी दाब मोजला, पुन्हा मोजला.

"आजी, कमाल झाली! मागच्या वेळी मी ऑपरेशनचं बोलत होतो. दाब एकदम उतरलाय. काय केलंत? जरा या सगळ्यांना सांगा बघू."

त्यांनी आत्याबाईंची खुर्चीच त्या घोळक्याकडे वळवली. पोरांनी पेनं सरसावली. बाहेरचा बाकही कान टवकारून होता. आयुष्यात आत्याबाईंना इतके श्रोते कधी मिळाले नव्हते. बुधवार, अर्ज, नवऱ्याचं नाव, सगळं आता गेलंच म्हणून मी दोन्ही पाय जमिनीत रोवले. आत्याबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माझी सून घालते थेंब," त्या म्हणाल्या. "हाताला असा काही गुण आहे तिच्या, की थेंब पडला कधी ते कळतसुद्धा नाही. सगळ्यांचं करते, कधी तोंड वाकडं करत नाही. तिच्यामुळे दिसतंय मला."

ही कोण सून, म्हणून मी मागे वळून पाहिलं.

"अशी माणसं नशिबाने मिळतात," डॉक्टर म्हणाले.

"मिळालीय खरी," आत्याबाई म्हणाल्या आणि पिशवी सावरून उठल्या.

बुधवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला, अर्ज दाखल झाला. आत्याबाईंनी खिडकी उघडली. संध्याकाळपर्यंत आमचा चष्मा इस्त्रीवाल्यापासून गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना पाठ झाला होता. नवरा आला तेव्हा लोक त्याला जिन्यातच अडवून पाठ थोपटत होते आणि तो लाजून कानापर्यंत लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना गाडीतून शिंपीणबाईंकडे नेलं. आत्याबाईंनी त्यांच्या नाकावर चष्मा चढवला, लाल दिव्याकडे बघायला सांगितलं. दिवा विझला. "पडला?" शिंपीणबाईंनी विचारलं. त्यांनी गाल चाचपला, कोरडा होता. मग त्या लहान पोरीसारख्या हसत सुटल्या, आणि त्यांच्यासाठी दुसरा चष्मा करून आणायचं आत्याबाईंनी परस्पर कबूलही करून टाकलं.

परत येताना मी म्हटलं, "आता डॉक्टरांनाही खरं सांगून या. थेंब सून घालत नाही, चष्मा घालतो."

"सांगणारच आहे. चष्म्याचं सगळं सांगणार."

"आणि माझ्या हाताचं? ते खोटंच होतं ना?"

त्यांनी आधी गाडीची काच वर केली.

"थेंबाचं खोटं होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं नव्हतं. ते पोटात ठेवायला कुणा वकीलबाईने सांगितलं नव्हतं गं. मीच ठेवलं होतं."

मला समोरचा रस्ता दिसेनासा झाला. मी गाडी कडेला घेतली. ब्रेक जरा जोरातच लागला आणि आत्याबाई पुढे आदळता आदळता वाचल्या.

"हे बघ," त्या पदर सावरत म्हणाल्या, "तुझ्या पायाबद्दल मी काहीएक बोलले नव्हते."