पुढचा दात नसलेलं माकड

शामकलाला खोटं बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही, चांगलं येत होतं. तिला जमत नव्हतं ते गप्प बसणं, आणि त्या चैत्रात नेमकी तीच वेळ तिच्यावर आली.

सून प्रेमिलाला दिवस गेले होते. आधी दोनदा पोट रिकामं झालेलं, म्हणून यंदा पाचवा महिना लागेपर्यंत कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं दोघींचं ठरलं. पण पोरीच्या पोटात पेजसुद्धा ठरेना. डोळे खोल गेले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. धोशा एकच, कैरी पाहिजे.

आता कैरी कुठून आणायची? दरेकशाच्या डोंगराखाली त्यांची गोंडांची छोटी वस्ती, टोला. आंब्याचा सण झाल्याशिवाय तिथे कुणी आंबा तोंडाला लावत नसे. कोय टणक झाली की गावचा भुमका, म्हणजे पुजारी, देवाला आंबा दाखवणार आणि मगच सगळ्यांनी खायचं. कोवळी कोय खाल्ली तर उद्या झाड कशातून उगवेल, असं जाणती माणसं समजावत. ज्यांना ते समजत नसे त्यांच्यासाठी वाघ होता. कुणी आधी खाल्लं की तो गावात शिरतो म्हणे. तोवर झाडावरचं माकडांचं आणि त्यांनी खाली पाडलेलं चितळांचं. झाडाला राखण बसवली तर राखणदाराला पडलेल्यातलं ओंजळभर सणाआधीही मिळे, पण वाघाचा धाक असताना राखण कायले लागते? ती रीत लोक विसरूनच गेले होते.

भुमका होता बकाराम, शामकलाचा धाकटा दीर. दोघांच्या जिभेला सारखीच धार.

"भाऊजी, सण कवा करशीन?"

"कोय धरन तवा. तुले एवढी घाई काऊन होऊन राहिली वयनी? तोंडात दात तरी उरले का?"

शामकलाचा वरचा पुढचा एक दात गेल्यापासून बकारामला बोलायला हा विषयच मिळाला होता. एरवी शामकलाने त्याचे सात पूर्वज काढले असते. त्या दिवशी ती काहीच न बोलता घरी गेली, आणि बकाराम जरा चक्रावला.

बाजाराच्या दिवशी ती चारोळी विकायला आमगावला गेली. तिथे एकाकडे आगगाडीने लांबच्या मुलखातून आलेले आंबे होते. हिरवेच, पण कोय घट्ट. तिने एक विकत घेतला आणि वाटभर स्वतःशीच हसत आली. कोय पाहायला बकाराम रोज सकाळी गावच्या आंब्याखाली माकडांनी पाडलेलं एक फळ उचलून विळ्याने चिरायचा. त्याने हेच फळ उचललं तर सण उद्याच!

फक्त त्यावर माकडाचा चावा हवा होता. माकड कुठून आणणार? रात्री झाडाखाली ठेवण्याआधी तिने आपलाच दात मारला आणि आलेला तुकडा थुंकून टाकला. थुंकलं म्हणजे खाल्लं नाही, हे तिने वाघाला मनातल्या मनात नीट समजावलं. प्रेमिलाला मात्र त्या आंब्याचा वासही दिला नाही. सुनेच्या बाबतीत वाघाशी वाद घालायची तिची छाती नव्हती.

सकाळी बकाराम चार माणसं घेऊन आला. शामकला सरपण वेचण्याचं सोंग करत जवळच होती. त्याने फळ उचललं, फिरवून पाहिलं. त्या झाडाचे आंबे गोल, आणि हा लांब नाकाचा. मग त्याची नजर चाव्यावर थांबली. दोन्हीकडे दातांच्या खुणा आणि मधे कोरी जागा.

"माकड म्हातारं हाये," तो म्हणाला. "पुढचा दातच नाही त्याले."

माणसं हसली. शामकलाने पदर तोंडावर ओढला. आता हा सगळं चारचौघांत काढणार, दंड बसणार, आणि कायले केलं म्हणून विचारलं तर सुनेचं नाव घ्यावं लागणार.

बकारामने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या घराकडे पाहिलं, जिथून प्रेमिला कितीतरी दिवसांत पाण्यालासुद्धा बाहेर आली नव्हती. हसणं त्याच्या तोंडावरून गेलं. त्याने तो आंबा गुपचूप धोतराच्या ओच्यात टाकला आणि खालचा दुसरा उचलून चिरला. कोय पांढरी, मऊ निघाली.

"सण नाही अजून," तो म्हणाला. "पन यंदाचे माकडं लय चाबरे झाले. झाडाले राखण बसवा लागते. वयनी बसन. राखणदाराची ओंजळ जुन्या रीतीनं तिले."

कुणीच हरकत घेतली नाही. माणसं पांगल्यावर तो तिच्याजवळ आला.

"तू चाखलं, तवा सणाले तू सगळ्याच्या शेवटी खाशीन. राखणदाराच्या घरच्याले मात्र मनाई नाही."

"मी थुंकलं होतं," शामकला म्हणाली.

"वाघाले सांग."

दुपारी माकडं झाडावर आली आणि अर्धवट खाल्लेल्या कैऱ्या पटापट पडू लागल्या. चितळांचा वाटा सोडून शामकलाने ओंजळ भरली. घरी प्रेमिला कैरी कराकरा खात होती आणि सासू समोर बसून नुसती लाळ गिळत होती.

तेवढ्यात बकारामच्या घरून पळसाच्या पानाची पुडी आली. आत मीठ आणि कुटलेली मिरची होती, आणि सोबत भाऊजीचा निरोप, की हे माकडासाठी नाही.