नऊ वाट्यांचा वास

माझ्या सासूबाईंच्या नाकापुढे आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांनी हात टेकले आहेत. तीस वर्षं त्यांनी बाजारात शिंपले विकले. आता वास ओळखणाऱ्या तिघांच्या मंडळात त्या आमच्याकडे येतात. शिंपले वाफवायचं काम माझं, त्यामुळे त्या मला घरीही नावं ठेवतात आणि इथेही.

त्या दिवशी मात्र प्रकरण गंभीर होतं. समुद्रातल्या तेलविहिरीतून तेलाबरोबर पाणीही वर येतं. कंपनी ते गाळून एका नळाने परत समुद्रात सोडते आणि स्वच्छ आहे असं छातीठोकपणे सांगते. त्या नळाजवळ तीन महिने टांगलेले शिंपले खुरटलेले निघाले, तर कंपनीचे साहेब म्हणाले, थंडीने झालं असेल. आता शिंपल्यांना तेलाचा वास येतो हे सिद्ध झालं, तरच ते पाणी थांबणार होतं. नाहीतर आणखी पाच वर्षांचा परवाना, आणि तिथली शिंपली-मासळी देवाच्या भरवशावर.

नऊ वाट्या मांडल्या. सहांत लांबच्या स्वच्छ पाण्यातले शिंपले, तीन वाट्यांत नळाजवळचे. कुठली वाटी कुठली, ते आमच्या प्रयोगशाळाप्रमुख बाईंच्या बंद पाकिटात. तेलाचा वास येतो की नाही, एवढीच खूण कागदावर करायची. तिघांनीही नऊच्या नऊ वाट्यांवर 'येतो' अशी खूण केली. साहेब खुशीत आले. म्हणजे आमचं पाणी आणि स्वच्छ पाणी सारखंच, असं म्हणत त्यांनी बॅग उचलली.

मी वाफेच्या भांड्याकडे पाहिलं. आमच्याकडे नियम पन्नास: अत्तर नको, पुदिना नको, नवा साबण नको. सगळे मी पाळले होते. फक्त सकाळी वाफेच्या भांड्याचं झाकण कुरकुरत होतं, म्हणून बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले होते. कुरकुर मला घरचीच पुरे होते.

गप्प बसलो असतो तर नोकरी शाबूत राहिली असती. पण उठलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग त्यांनी साहेबांना बसवून घेतलं आणि कॅन्टीनमधून कोरं करकरीत पातेलं मागवलं.

दुसऱ्या फेरीत तिघांनी नेमक्या तीनच वाट्या बाजूला काढल्या. पाकीट फोडलं. त्याच होत्या. गाळणी दुरुस्त होईपर्यंत पाणी सोडणं बंद, या कागदावर साहेबांनी मुकाट्याने सही केली. मी नाचायचाच बाकी होतो.

फाटकाशी सासूबाई हळूच म्हणाल्या, "जावईबापू, मघाशी सहा वाट्यांत एकच तेल होतं, आणि तीन वाट्यांत दोन. पहिलं तुमच्या बोटांनाही होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कागदावर तेवढं विचारलं नव्हतं. आणि चारचौघांत जावयाची चूक सासूने कशी सांगायची? साहेब दारापर्यंत जाईस्तोवर मी थांबणार होते."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"मी सांगितलंच असतं," त्या म्हणाल्या. "पण मग तुम्हाला पुन्हा जावईबापू म्हटलं नसतं."