पुस्तकात नसलेलं तळं

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमणाऱ्या मंडळींचा नियम साधा होता. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असलं पाहिजे आणि मत सांगताना कुणाची भीडभाड ठेवायची नाही. चहा ज्याचा त्याने ओतून घ्यायचा.

कपडे दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईला तिथे सगळे कात्रीबाई म्हणत. हे नाव धंद्यावरून पडलं की जिभेवरून, याचा निकाल अजून लागला नव्हता. त्या बोलायला लागल्या की लोक खुर्च्या पुढे ओढून बसत. त्यांनी बरं म्हटलेलं पुस्तक त्याच दिवशी कुणीतरी घेऊन जाई आणि त्यांनी फाडलेलं तर दोघंतिघं मागत.

त्या शनिवारी त्यांनी प्रवासवर्णनापासून सुरुवात केली. "हा गृहस्थ एवढं जग फिरला, पण एकदा रस्ता चुकला नाही की एकदा उपाशी झोपला नाही. मग गेला कशाला? फोटो तेवढे चांगले आहेत."

"आणि ते सुखाचं पुस्तक?" ग्रंथपालाने विचारलं. ही तिशीची मुलगी कात्रीबाईंना काकू म्हणायची आणि त्यांच्यासाठी नवी पुस्तकं टेबलाखाली लपवून ठेवायची.

"ते होय! लेखक रोज पहाटे उठून तासभर गप्प बसतो. त्या तासात त्याच्या पोरांचे डबे कोण भरतं ते काही लिहिलेलं नाही. तिच्याकडून एखादं पुस्तक लिहून घ्या, मी विकत घेईन." खोलीत हशा पिकला. "कवितांचं मात्र न्या कुणीतरी. प्रस्तावना फार आहे. वीतभर कापडाला हातभर अस्तर. पण आत एक कविता आहे, मेलेल्या नवऱ्याच्या चपला कुठे ठेवायच्या त्याची. मी मशीन थांबवलं ती वाचून."

मग त्या रहस्यकथेकडे वळल्या. घाटातलं हॉटेल, बाहेर बर्फ, आत खून.

"सुरुवात झकास आहे. पण मध्येच लेखकाचं डोकं फिरलंय. एक विधवा तळ्याकाठी राहायला येते, मोडकी होडी दुरुस्त करते, त्या होडीशी बोलते. इतकं सुंदर लिहिलंय म्हणता! आणि मग एकदम पुन्हा हॉटेल. त्या बाईचं काय झालं, तिचा खुनाशी संबंध काय, काही नाही. वाऱ्यावर सोडलं बिचारीला."

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चूक दिसली की त्यांचं बोट अजून आपोआप वर जायचं. "कसलं तळं?"

"तळं हो. होडीचं."

"त्या पुस्तकात तळं नाही. माझ्या घरी आहे ते, दोनदा वाचलंय मी. सगळी गोष्ट हॉटेलात घडते."

"काकू, मीही वाचलंय," ग्रंथपाल हळूच म्हणाली. "तळं नाहीये त्यात."

"कात्रीबाई, दोन गिऱ्हाइकांची कापडं एकत्र शिवलीत आज!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे मनापासून हसले. कात्रीबाईही हसल्या. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच. 

अक्काचं असंच सुरू झालं होतं.

अक्का त्यांची थोरली बहीण. दोघी बहिणी वर्षानुवर्षं एकाच दुकानात समोरासमोर शिवायला बसल्या होत्या. कात्रीबाई वाचलेलं सांगायच्या आणि अक्का पाहिलेले सिनेमे. एकदा अक्काने एका सिनेमातली नर्स दुसऱ्याच सिनेमातल्या जहाजावर चढवली. "अगं, जहाजावर नर्स कुठली?" म्हणून दोघी पोट धरून हसल्या. मग नर्स तिसऱ्या सिनेमात गेली, तेव्हाही हसल्या. असं हसण्यावारी नेण्यात किती दिवस गेले आणि ज्या दिवशी अक्का कोटाला तिसरी बाही लावायला निघाली तेव्हा हसू कुठे गेलं, ते कात्रीबाईंना नीट आठवत होतं. आता अक्का तिच्या मुलाकडे राहते. मागच्या भेटीत तिने धाकट्या बहिणीकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि स्वतःच्या झग्याची किनार पुढे करून म्हणाली, "बाई, हे जरा वर घ्याल का? पायात येतं."

कात्रीबाईंनी खाली बसून टाचण्या लावल्या होत्या. दुसरं काय करणार?

सोमवारी दुकान उघडायच्या आधी त्या वाचनालयात गेल्या. त्यांनी वाचलेली प्रत शनिवारीच कुणीतरी नेली होती. फाडलेलं पुस्तक ना ते! ग्रंथपालाने कपाटातून दुसरी, नवी कोरी प्रत काढून दिली. तिथेच उभ्या उभ्या कात्रीबाईंनी पानं चाळली. हॉटेल. हॉटेल. किल्ल्या, जिना, निरीक्षक, स्वयंपाकघर, पुन्हा हॉटेल. शेवटच्या पानापर्यंत पाण्याचा थेंब नव्हता.

"काकू, बसता का? चेहरा उतरलाय तुमचा."

"छे गं. चष्मा बदलायला झालाय."

दुकानापर्यंतचा रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. तरी त्या दिवशी त्या प्रत्येक वळणावर थांबल्या आणि पुढे काय येणार ते आधी मनात म्हणाल्या. कुलूपवाला. मग बंद पडलेलं फोटोचं दुकान. मग आपलं. प्रत्येक वेळी बरोबर निघालं आणि प्रत्येक वेळी पुढच्या वळणाची भीती तेवढीच राहिली.

तळं त्यांना अजून दिसत होतं, हेच वाईट होतं. होडीच्या फळीवर सुकलेलं डांबर, त्या विधवेचे भेगाळलेले अंगठे, पाण्यावरचं धुकं. हे सगळं कुणी लिहिलंच नसेल तर ते आलं कुठून? आपल्याच डोक्यातून? आणि डोकं जर असं गुपचूप काहीबाही शिवून लावायला लागलं असेल, तर बाकीचं काय काय त्याने लावलं असेल? नवऱ्याचं शेवटचं बोलणं खरं होतं ना? लेकीचं पहिलं पाऊल?

त्या आठवड्यात त्यांनी एकही पुस्तक पुरं केलं नाही. एक पान वाचायचं, त्यावर तळवा ठेवायचा आणि स्वतःलाच विचारायचं: काय होतं सांग. सांगता यायचं. पण तळवा उचलून ताडून बघेपर्यंत जीव टांगणीला. शाळेतली तोंडी परीक्षा बरी म्हणायची, निदान मास्तर दुसरा असायचा. करड्या कोटाला बटणं लावताना त्या मोठ्याने बोलत, "करडा कोट, दवाखान्यासमोरचे वकील, बाह्या आखूड." गिऱ्हाईक आत आलं की गप्प.

लेकीला हे कळायला वेळ लागला नाही. लेक इस्पितळात एक्स-रे काढायची. पुस्तकांशी तिचा उभा दावा. "मी माणसं आतून वाचते, तेवढं पुरे," म्हणायची.

"आई, तुझ्या उशीखालचं पुस्तक आठवडाभर एकाच पानावर आहे."

"कंटाळवाणं आहे."

"कंटाळवाणं असलं की तू मला बोलावून शिव्या घालतेस त्याला. काय झालंय?"

"काही नाही म्हटलं ना!"

एवढ्यात फोन वाजला. ग्रंथपालाचा. ती बोलता बोलता हसत होती, हसता हसता धापा टाकत होती. "काकू, तळं सापडलं! निवृत्त बसड्रायव्हर काका आहेत ना, ते दुसरी एक कादंबरी घेऊन गेले होते. आज येऊन टेबलावर आपटली. म्हणतात, 'चांगली बाई होडीला डांबर लावत बसली होती, तिथे हा पोलीस कुठून उपटला? किल्ल्या मागतोय!' अहो, दोन्ही पुस्तकं एकदमच बांधणीला दिली होती. एकाच प्रकाशकाची, एकाच आकाराची, अक्षरंसुद्धा सारखी. बाइंडरने मधले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगेच, अदलाबदल केले! पानांचे आकडेसुद्धा बरोबर लागलेत हो, कुणाला संशय येणार?"

लेकीने हे सगळं फोनला कान लावून ऐकलं, शनिवारचा घोटाळा आईकडून काढून घेतला आणि टाळीच वाजवली. "म्हणजे आठवडाभर तू या तळ्यात बुडली होतीस? अगं आई!"

कात्रीबाईही हसल्या. खरंखुरं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घटकाभर अंगावरचं ओझं उतरलं. त्यांनी चहा टाकला. आणि पाण्याला उकळी येता येता हात थांबला.

"अगं, पण मला कळलं कसं नाही?"

"काय कळलं नाही?"

"दुसरं पुस्तक सुरू झाल्याचं. वाक्य अर्ध्यात तुटलं होतं. निरीक्षक नाहीसा झाला. माणसांची नावं बदलली. भाषा बदलली. त्या ड्रायव्हरला पहिल्याच ओळीला कळलं. मी ढीगभर पानं वाचली आणि वाटलं, नवी पद्धत असेल."

"आजकाल लिहितात तसं, तूच म्हणतेस."

"म्हणते. पण अक्कालाही जहाजावरची नर्स खटकत नव्हती."

 लेकीने पुढे होऊन गॅस बंद केला. मग म्हणाली, "आमच्याकडे डॉक्टर आहेत. स्मरणशक्ती तपासतात. मी वेळ घेते. तुझं तुलाच कळेल."

"आणि नको ते कळलं तर?"

"तर मलाही कळेल. एकटीने कशाला घाबरायचं?"

डॉक्टर वयाने लेकीएवढ्याच होत्या. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर काही नाही. लेक कोपऱ्यात बसली. आधी तारीख-वार झालं, उलटे आकडे झाले. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता मी एक छोटी गोष्ट सांगते. लक्ष देऊन ऐका, मग मला तशीच सांगा."

गोष्ट होती पाववाल्याची. तो दुकान बंद करत असताना एक मुलगी येते, पाव घेते आणि छत्री विसरून जाते. तो छत्री घेऊन मागे धावतो, पण बस सुटलेली असते. दुसऱ्या दिवशी तो छत्री दारावर टांगतो. संध्याकाळी मुलीचा भाऊ येऊन घेऊन जातो.

कात्रीबाईंनी गोष्ट जशीच्या तशी सांगितली. मग राहवलं नाही. "जमली नाही हो ही. पाववाल्याला काही स्वभावच नाही. आणि भावाला कसं कळलं छत्री तिथे आहे ते?"

डॉक्टर हसल्या. "असं मला कुणी विचारलं नव्हतं."

मग घड्याळ काढायला लावलं, चित्रं ओळखायला लावली, प्राण्यांची नावं विचारली. कात्रीबाई उत्तरं देत होत्या, पण सगळा जीव पाववाल्यात होता. डॉक्टर ती गोष्ट पुन्हा विचारणार, हे त्यांनी ओळखलं होतं. ओंजळीत पाणी धरून चालावं तशी ती गोष्ट त्यांनी धरली होती. बंद दुकान. मुलगी. पाव. छत्री. बस. बोटांच्या फटी जाणवत होत्या.

"मघाची गोष्ट पुन्हा सांगाल?"

त्या सांगत गेल्या. सगळं जागच्या जागी होतं. "...आणि मग तो छत्री दारावर टांगतो. पितळी मुठीची छत्री." त्या थांबल्या.

 मूठ त्यांना स्वच्छ दिसत होती. जराशी वाकलेली, धरून धरून गुळगुळीत झालेली. तळ्यासारखीच स्वच्छ. कोपऱ्यात लेक ओठ मिटून बसली होती. तसंच पुढे रेटून नेलं असतं तर कदाचित कुणी काही म्हणालंही नसतं.

"मूठ पितळी होती," कात्रीबाई म्हणाल्या. "पण ती तुम्ही सांगितलीत की मी लावली, ते मला सांगता येत नाही."

डॉक्टरांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. "मी सांगितली नव्हती."

"बरं."

"हे बघा, तुम्ही सुटू काहीच दिलं नाहीत, आणि ते महत्त्वाचं आहे. थोडी भर तर पुष्कळ लोक घालतात. तुमच्यासारखे गोष्टीत राहणारे जास्तच. आज मी याला आजार म्हणणार नाही. पण तुमच्या बहिणीचं ऐकलंय, म्हणून काही नाही असंही म्हणणार नाही. सहा महिन्यांनी या."

जिना उतरताना लेक म्हणाली, "चांगलंच सांगितलं की त्यांनी."

"अर्धं चांगलं सांगितलं. दुसरं अर्धं तू ऐकलं नाहीस."

"ऐकलं," लेक म्हणाली. एक पायरी उतरली, थांबली. "मी काय करू ते सांग. करते."

कात्रीबाईंनी कठडा धरला. बराच वेळ विचार केल्यासारखं केलं, खरं तर उत्तर तयारच होतं. "मी वाचलेलं पुस्तक माझ्या मागून तू वाचायचं. मी आधी तुला सांगणार त्यात काय आहे ते. मग तू बघायचंस, ते आहे की नाही. आणि खरं सांगायचं. माझा चेहरा बघून नाही."

"सगळी पुस्तकं?" लेक हादरलीच. "प्रवासवर्णनंसुद्धा?"

"प्रवासवर्णनं सोडली."

"पातळ असतं का एखादं? सुरुवातीला तरी?"

रविवारी सकाळी लेक खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. हातात एक पातळ कादंबरी, कात्रीबाईंनी आदल्याच दिवशी संपवलेली. एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट. लेक ओठ हलवत वाचत होती, मध्येच डोकं खाजवत होती, किती पानं उरलीत ते दर थोड्या वेळाने चाचपून बघत होती. कात्रीबाई मशीनवर बसल्या, पण पायडलवर पाय नुसताच ठेवलेला. पान उलटल्याचा प्रत्येक आवाज ऐकू यायला हवा होता.

"म्हातारा आजारी पडला का?" त्यांनी शेवटी विचारलंच.

"पडला."

"आणि मुलगी परत येते, पण त्याला हाक मारत नाही. बाहेरच उभी राहते."

"आई!" लेक ओरडली. "तिथपर्यंत आले नाही मी अजून! सांगू नकोस ना शेवट. आता कुठे गोडी लागायला लागलीय."

 गोष्टीतली ती मुलगी कात्रीबाईंच्या डोळ्यांसमोर दाराबाहेर उभी होती. तिच्या हातात दिवा होता, त्यांची खात्री होती. जवळजवळ खात्री होती. त्यांनी सुई उगाचच चिंधीवर पुसली आणि लेकीच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून, पुढचं पान उलटण्याची वाट बघत बसल्या.