हार्वे-दिवसाचा हात

पर्सी स्पिअरपॉइंटने शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि हात मास्तरांपुढे धरला. काळा झगा घातलेल्या टॅप्ले मास्तरांनी त्याच्या कोपराच्या वर कापडी पट्टी आवळून बांधली. चर्चच्या सभागृहातल्या माना पुढे झाल्या.

डॉक्टर विल्यम हार्वे याच गावचे, फोकस्टनचे. रक्त हृदयातून निघते आणि फिरून हृदयाकडेच येते, हे त्यांनी अशीच पट्टी बांधून, बोटाने शीर दाबून लोकांना पटवले होते. दरवर्षी त्यांच्या स्मरणदिवशी गावात तोच प्रयोग व्हायचा. मास्तर हार्वे व्हायचे, आणि हात असायचा पर्सीचा. जन्मभर जाळी ओढून सुकलेला तो हात. पट्टी बसली की शिरा दोरखंडासारख्या वर यायच्या. होडी विकल्यापासून आणि बायको गेल्यापासून पर्सीला गावात दुसरे काही काम उरले नव्हते. या एका संध्याकाळसाठी तो आठवडाभर आधी कोट झटकून ठेवी.

यंदा शिरा वर आल्याच नाहीत.

मास्तरांनी पट्टी आणखी आवळली. हात गुलाबी झाला, पण गुबगुबीत, गुळगुळीतच राहिला, तान्ह्या बाळासारखा.

"पर्सी, तुझा हात घरी विसरलास आणि हा कुणाचा आणलास?" मागून कुणीतरी विचारले.

सभागृह खदखदून हसले. मास्तर हलक्या आवाजात म्हणाले की आज खाटकाचा हात घेऊ, आणि पुढच्या वर्षापासूनही त्यालाच सांगितलेले बरे. पर्सीचे कान लाल झाले. तो बाही खाली करू लागला.

तिसऱ्या रांगेत एडिथ हॉगबेनने विणकाम मांडीवर ठेवले. ती त्याच्याच गल्लीत राहायची, विधवा, लोकांचे कपडे धुऊन देणारी. गेल्या हिवाळ्यात पर्सी फार खोकत होता, तेव्हा तिने त्याच्या खिडकीत झाकलेली थाळी ठेवली होती. मग ठेवतच गेली. चरबी घातलेली पुडिंगे, सफरचंदाचे केक, मटणाच्या रश्श्यातले पिठाचे गोळे. तो थाळी घासून परत आणायचा आणि दारात उभा राहून हवापाण्याविषयी बोलून जायचा.

शेजारी बसलेली तिची नणंद मॉड तिच्या कानाशी वाकली.

"ही तुझ्या पुडिंगांची करणी आहे, बाई. सगळ्या गल्लीला कळलंय. तुम्हा दोघांनाच काय ते कळायचं राहिलंय."

एडिथ उठली. मंचापर्यंत जाताना तिने मनगटाचे बटण सोडले. चारचौघांत तिचा उघडा हात आजवर कुणी पाहिला नव्हता. रोडका होता तो, निळ्या शिरांनी भरलेला.

"मास्तर, माझा हात घ्या," ती म्हणाली. "दाखवायचं मात्र पर्सीने. त्याला सगळं पाठ आहे."

मास्तरांनी एकदा तिच्याकडे, एकदा पर्सीकडे पाहिले आणि पट्टी बांधली. शिरा टरारून वर आल्या, आतल्या झडपांच्या गाठींसकट. इतक्या वर्षांत मंचावर तोंड न उघडलेला पर्सी खाकरला. त्याने तिच्या मनगटाशी एक बोट दाबून धरले आणि दुसरे बोट शिरेवरून वर सरकवले.

"इथं दाबलं. आता रक्त वर सारतो. बघा, शीर रिकामी झाली. वरचं रक्त खाली परतत नाही. त्याला एकच वाट ठाऊक आहे, काळजाकडची."

त्याने दाबलेले बोट उचलले. शीर झरकन भरली. टाळ्या पडल्या, मॉडच्या सगळ्यांत मोठ्या. मास्तरांनी पट्टी सोडली, आभार मानले आणि चहा तयार असल्याचे सांगितले.

पर्सीने मनगट सोडले नव्हते.

"मागच्यांना दिसलं नसेल," तो म्हणाला.

"लख्ख दिसलं की," मागची रांग ओरडली.

एडिथने मास्तरांच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि पर्सीपुढे धरली.

"त्यांना काय दिसतंय तिकडून," ती म्हणाली. "बांधा तुम्ही."