दगड हलवायचे राहिले

याबांच्या, माझ्या वडिलांच्या, उजव्या हाताची गादी माझी. आई गेल्यापासून सहा वर्षं मी तिथे बसून त्यांना कॉफी ओतून देतेय. ती जागा कुणी मागेल असं कधी वाटलंच नव्हतं. आणि गेल्या महिन्यात, गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणाऱ्या याबांनी निकाह केला. फौझिया, विधवा, पन्नाशीची, सदा हसरी. सदा हसणारी माणसं मला तशीही सोसत नाहीत.

"मस्तूरा, तिला खाला म्हणायचं," याबा म्हणाले. म्हटलं. तोंडाने म्हणायला काय जातंय!

पहिल्याच संध्याकाळी ती माझ्या गादीवर बसली आणि कॉफीचं भांडं तिनेच उचललं. आयत्या बिळावर नागोबा! याबा घोट घेऊन म्हणाले, "वेलची छान उतरलीय." सहा वर्षं मीही वेलचीच घालत होते, माती नव्हे.

गुडघे गेल्यावर याबांनी होडी विकली आणि आमच्या उमलुज गावचा समुद्र बैठकीत आणून ठेवला, भिंतभर काचेची टाकी करून. तिच्यात राज्य एका सोहाल माशाचं. निळे-पांढरे पट्टे, शेपटीच्या मुळाशी नारिंगी पातं, वस्तऱ्यासारखं धारदार. मी टाकी साफ करायला हात घातला तरी अंगावर येतो. मनगटावर वण आहे माझ्या. तरी त्याच्यावर माझा जीव. आमच्या दोघांचा स्वभाव एक.

खालाने आपल्या घरून बादलीतून एक मासा आणला होता. जांभळा, पिवळ्या शेपटीचा. तिच्या पहिल्या नवऱ्याने पकडलेला, तिने नऊ वर्षं सांभाळलेला. "माझ्या माणसांपैकी एवढा एकच माझ्याबरोबर आलाय," ती हसत म्हणाली.

"पोरी, त्याला उद्या टाकीत सोडू," याबांनी मला सांगितलं. "आज दगड हलवून ठेव."

हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जुन्या माशाच्या टाकीत नवा सोडायचा, तर आधी सगळे दगड उपसून वेगळे रचायचे. मग जुन्याला आपली कपार सापडत नाही. दोघेही सारखेच परके होतात आणि मारामारी निम्मी होते. याबांना वाकवत नाही, म्हणून हे काम माझं.

मी बाह्या सारल्या, पाण्यात हात घातला. सोहाल आपल्या कपारीच्या तोंडाशी ठाण मांडून होता. याने का उठायचं? हा तर आधीपासूनचा! मी हात बाहेर काढला आणि पुसला.

"झालं का गं?" याबांनी आतून विचारलं.

"झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासा सोडला. दुपारी याबा जरा पडले होते, तेवढ्यात जांभळ्याच्या अंगावर तीन चिरा पडल्या. खाला काचेवर हात आपटत होती. "अरे, सोड त्याला! बाबा रे, सोड ना!" याबा जाळी घेऊन येईपर्यंत तो तळाशी आडवा झाला होता. खोटं कशाला बोलू, पहिल्या चिरेला मला बरं वाटलं. तिसरीला नाही.

खालाने मासा आपल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून अंगणात पुरला. मला तिने एका शब्दाने विचारलं नाही. याबा मात्र टाकीसमोर बसून दगडांकडे बघत राहिले. शेवाळ जिथल्या तिथे होतं.

शुक्रवारी सकाळी बैठकीतून ओढाताणीचा आवाज आला. जाऊन बघते तर गालिचा उलटा फिरवलेला, सगळ्या गाद्या भलत्याच भिंतीला, याबांचा लोड खिडकीखाली आणि कॉफीचं भांडं दाराशी. याबा गुडघ्यांवर रांगत, घामाघूम होऊन शेवटची गादी ढकलत होते. माझी गादी त्यांतली कुठली, तेही ओळखू येईना.

"याबा, गुडघे! हे काय चाललंय?"

"दगड हलवतोय," ते धापा टाकत म्हणाले. "माशांसाठी तू हलवले नाहीस. माणसांसाठी तरी मला हलवू दे."

याबा लोडाला टेकले. "कॉफी आणा. आणि बसा."

मी दारातच उभी. समोरच्या भिंतीशी खालाही उभी होती, रिकामे कप हातात धरून. आज ती हसत नव्हती. कुठे बसायचं, ते तिलाही कळत नव्हतं.