ढगातला बाप

"हे आमचे न्हाईत, भाऊ," स्क्रीनकडं बघत बेबीनंदा म्हणाल्या.

धम्मपालनं डोक्याला हात लावला. लग्नाच्या व्हिडिओत गेलेलं माणूस ढगातून आशीर्वाद देताना दाखवायचं, ही घनसावंगीत आता रीतच झाली होती, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बेबीनंदांचे यजमान, नवरी प्रीतीचे वडील राजानंद गेले ते एकही धड फोटो मागं न ठेवता. होता तो आधार कार्डावरचा. तो बघून खुद्द राजानंदांनीही ओळख दिली नसती.

"मावशी, दुसरा फोटो न्हाईच का?"

"काढूच दिला न्हाई कधी. लोकाच्या लग्नातबी पाणी वाटत फिरायचे. पोरीला सासरी दाखवायला बाप पाहिजे, एवढंच."

धम्मपालनं ढग पुसले, फोटो हटवला आणि क्लिप पुन्हा चालवली. प्रीती नवरीच्या पांढऱ्या साडीत हात जोडून उभी होती. तिच्या मागं, पाण्याच्या जारांपाशी एक माणूस होता. पुसट. त्याच्या अंगातून मांडवाचं कापड दिसत होतं.

कुठला तरी इफेक्ट राहिला असणार, असं म्हणत त्यानं क्लिपवर लावलेले इफेक्ट उघडून पाहिले. रंग उजळल्याचा एकच होता. तो बंद केला, तर माणूस आणखी ठळक झाला. कॅमेऱ्यातली मूळ फाइल उघडली. तिथंही तो वाकून ग्लास भरत होता.

भरदुपारी धम्मपाल खुर्चीसकट मागं सरकला. शूटिंग त्याचंच होतं. त्या जारचं पाणी त्यानं आपल्या हातानं घेतलं होतं, तिथं वाढायला कुणीच नव्हतं. आजवर कितीतरी मेलेली माणसं त्यानं ढगात बसवली, पण असा कधी घाबरला नव्हता. एवढा तुकडा कापून टाकावा म्हणून त्याचा हात माउसवर गेला.

"थांबा!" बेबीनंदांनी खुर्ची पुढं ओढली. "हे बघा. हे आमचे."

"मावशी, मी यात काहीच केलं न्हाई. खरंच."

त्यांचं लक्षच नव्हतं. बराच वेळ त्या बघत राहिल्या आणि मग एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"सगळ्यांचं झाल्याबिगर ते जेवायचे न्हाईत. त्या दिवशी त्यांना जेवायला कुणी इचारलं का हो?"

धम्मपालनं माउसवरचा हात काढून घेतला. स्क्रीनवर शेवटची पंगत उठत होती, आणि तो माणूस भरलेला ग्लास हातात धरून तिकडं बघत उभा होता.