गुळगुळीत पाइप

आमच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप नवाकोरा झाला आणि लगेच आमच्या मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं. आधी जाळीभोवती डबकं, मग फरशीभर, मग थेट आईच्या पार्लरच्या खुर्चीखाली. खुर्चीत एक बाई डोक्याला रंग थापून, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि आई तपेल्याने पाणी उपसत होती. केस धुवायचे कुठे? शेवटी बाई टॉवेल गुंडाळून तशाच घरी गेल्या. त्या परत येतील असं मला वाटत नाही.

आम्ही तळमजल्यावर राहतो. पुढच्या खोलीत पार्लर, मागच्या खोलीत आई आणि मी. आमचं घर त्या एका खुर्चीवर चालतं, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. चेअरमनकाकांनाही. त्यांच्या बायकोचे केस आईच कापते.

तरी काका नाकाला रुमाल लावून आमच्या दारासमोर जिन्यात उभे राहिले आणि तिथे जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. प्रत्येक मजल्यावरचं पाणी आता सुळकन जातं, तुंबतं ते फक्त इथेच, म्हणजे दोष केसांचा. एवढा काचेसारखा पाइप करून घेतला आणि तुम्ही त्यात बोळे कोंबता.

"वहिनी, रविवारच्या मीटिंगच्या आत पार्लर बंद करा. नाहीतर कमिटीला करावं लागेल."

आणि आई चक्क माफी मागायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई बेसिनवर चहाची गाळणी ठेवून केस धुते. एक केस खाली जाऊ देत नाही. माफी कसली?

सगळे वर गेल्यावर मी कपडे वाळत घालायची जाड तार सरळ केली आणि मोरीत घातली. थोडी आत गेली आणि टक् करून थांबली. परत ढकलली, परत टक्. केसांचा बोळा असा वाजतो का कधी? तिथे काहीतरी दगडासारखं होतं.

पाइपाचं काम चालू असताना मी पायरीवर बसून सगळं बघितलं होतं. खोदाखोदी काहीच नाही. चिकट रसायनात भिजवलेली एक लांबलचक पिशवी जुन्या पाइपात सरकवली, हवेने फुगवली, गरम वाफेने कडक केली, झाला पाइपाच्या आत पाइप. गंमत अशी की घराघरांतून येणाऱ्या नळ्या जिथे या मोठ्या पाइपाला मिळतात, ती तोंडंही त्या पिशवीमागे झाकली जातात. मग छोटं यंत्र आत सोडून एकेक तोंड कापून मोकळं करतात. कंत्राटदाराने मला ते पडद्यावर दाखवलंसुद्धा होतं.

तार हातात तशीच, मी मोबाइल उघडला. काकांनी मोठ्या कौतुकाने इमारतीच्या ग्रुपवर दोन व्हिडिओ टाकले होते, आधीचा पाइप आणि नंतरचा. आधीचा गंजलेला, खरबरीत, आणि शेवटी बाहेरच्या चेंबरच्या अलीकडे एक तोंड. तळमजल्याचं. आमचं. नंतरच्या व्हिडिओत तीच जागा अंड्यासारखी गुळगुळीत.

रविवारी मी मीटिंगला गेले. आई नको म्हणत होती, तिला ओढत नेलं. कंत्राटदार शिल्लक कामाचं बोलायला आलाच होता. काका म्हणाले, मोठ्यांच्या बोलण्यात लहानांनी तोंड घालू नये.

"घालत नाहीये, काका. शोधतेय. आमच्या मोरीचं तोंड या पाइपात कुठे आहे ते तुम्ही दाखवा, मी गप्प बसते."

मी नंतरचा व्हिडिओ लावून मोबाइल पुढे केला. काकांनी तो बघितला, चष्मा पुसून परत बघितला आणि मोबाइल कंत्राटदाराकडे सरकवला. त्याने जुना व्हिडिओ पुढे-मागे केला. मग मान खाली घालून म्हणाला, चूक आमची आहे. काम सुरू करण्याआधी कॅमेऱ्यात बाकी सगळी तोंडं ओली दिसत होती, हे एकच ठणठणीत कोरडं होतं. आम्हाला वाटलं, जुनी बंद पडलेली लाइन असेल. म्हणून कापलं नाही.

कोरडं का होतं, हे मी सांगितलं. कामाच्या आदल्या दिवसापासून मोरीत थेंबही ओतू नका, अशी सूचना काकांनीच लावली होती. माझ्या आईने ती पाळली. गिऱ्हाइकं परत पाठवली, आमच्या अंघोळी पलीकडच्या गल्लीतल्या मावशीकडे केल्या, भांडीही तिकडेच नेऊन घासली. बाकीच्यांची तोंडं ओली कशी होती, ते ज्याने त्याने आपापलं आठवावं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पंख्याकडे बघत बसल्या. काका मात्र गुळगुळीत हसले आणि म्हणाले, "बरं, होतं असं कधी कधी. वहिनी, विषय संपला."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझा हात दाबला. वाटलं, आता ही परत माफी मागणार.

"भावोजी, तुम्ही मला जिन्यात उभं राहून बोललात," आई म्हणाली. "विषय तिथेच संपवा. सगळ्यांसमोर."

काकांनी कमिटीकडे बघितलं. कमिटी पंख्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र आत गेलं. घर्रर्र आवाज झाला आणि मोरीतलं घाण पाणी गटागटा खाली गेलं. आईने लगेच फरशी घासायला घेतली. दाराच्या फटीतून मला दिसलं, काका जिन्यात आले, आमच्या बंद दाराकडे बघत चूक झाली असं काहीतरी पुटपुटले आणि वर जायला वळले.

मी दार सताड उघडलं. "काका, आईला ऐकू नाही आलं. आणि वरच्या मजल्यांवरही नाही."